मुलीची घोडेस्वारीची पहिली इव्हेंटिंग स्पर्धा (अमेरिका, बिगिनर नॉव्हिस): कपडे, व्हेस्ट, पोनीचं सामान आणि नियम

सह्याद्री_ते_जर्सी

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक १२ वर्षांची आहे, बार्नच्याच (तबेल्याच्या) एका पोनीवर शिकते. येत्या मोसमात एरिया २ मधल्या एखाद्या मान्यताप्राप्त हॉर्स ट्रायलमध्ये, म्हणजे इव्हेंटिंगच्या स्पर्धेत, तिला बिगिनर नॉव्हिस या सुरुवातीच्या लेव्हलला उतरवू या, असं ट्रेनर म्हणतात. ड्रेसाज (ठरलेल्या क्रमाच्या चाली), क्रॉस-कंट्री (माळावरचे पक्के अडथळे), शो जंपिंग (पडणाऱ्या दांड्यांवरच्या उड्या) या तीन फेऱ्या असतात एवढं माहीत आहे. त्यापुढचे प्रश्न असे:

१. प्रत्येक फेरीला वेगळे कपडे लागतात का? तिच्याकडे आखूड पॅडक बूट आणि स्वेडचे हाफ चॅप्स (पोटरीवर बांधायचे) आहेत, ते चालतील का?

२. हवेचा (पडल्यावर फुगणारा) व्हेस्ट घेतला तर साधा फोमचा घ्यायची गरज आहे का? दुकानात दोघांनी दोन उत्तरं दिली.

३. तिचे केस कमरेपर्यंत आहेत, वेणी जाड. हेल्मेट वेणीवर बसवायचं की वेणी बाहेर ठेवायची?

४. पोनीला रनिंग मार्टिंगेल (डोकं फार वर जाऊ न देणारा पट्टा) आणि पायाला बूट रोज असतात. ड्रेसाजला काढायचे का?

५. पुढेमागे आम्ही पुण्याला परतू. आत्ता घेतलेलं सामान तिकडे उपयोगी पडेल का?

---

मांड_पक्की

ताई, आधी यूएसईएफच्या (अमेरिकेचा घोडेस्वारी महासंघ) रूलबुकातलं 'ईव्ही' हे प्रकरण उतरवून फोनमध्ये ठेवा. इव्हेंटिंगचे सगळे नियम त्यात आहेत. 'ड्रेस' आणि 'सॅडलरी' हे दोन भाग मुलीबरोबर बसून वाचा. त्यांचं स्पर्धा-वर्ष १ डिसेंबरला सुरू होतं आणि बरेचसे बदल त्याच दिवशी लागू होतात, म्हणून कुणा मैत्रिणीकडून मिळालेली जुनी पीडीएफ वापरू नका. त्या-त्या स्पर्धेची वेगळी माहिती यूएसईएच्या (अमेरिकेची इव्हेंटिंग संघटना) ओम्नीबसमध्ये, म्हणजे स्पर्धांच्या यादीत, असते: ड्रेसाजची कोणती टेस्ट, अरेना २० बाय ४० मीटरचा की २० बाय ६०, अर्जाची शेवटची तारीख.

खर्चाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हेल्मेट आणि व्हेस्ट नवे घ्या, बाकी सगळं वापरलेलं घ्या. वाढत्या वयाच्या मुलांचे शो कोट आणि बूट कन्साइनमेंटच्या दुकानात जवळजवळ नव्यासारखे मिळतात, कारण एका हंगामात ते लहान होतात. परीक्षक कोटाचा ब्रँड बघत नाहीत. स्ट्युअर्ड (स्पर्धेचे निरीक्षक) मात्र हेल्मेटच्या आतलं लेबल बघू शकतात.

हेल्मेट. एएसटीएम एफ११६३ या मानकाचं आणि एसईआयची खूण असलेलं हवं. स्पर्धेच्या आवारात घोड्यावर बसलेलं असताना ते पूर्ण वेळ डोक्यावर आणि पट्टा लावलेला असला पाहिजे. वॉर्म-अपमध्ये, तबेल्याकडे चालत जाताना, "जरा फोटो काढते" म्हणून पोनीवर बसतानासुद्धा. सायकलचं हेल्मेट चालत नाही. व्हर्जिनिया टेकच्या हेल्मेट प्रयोगशाळेने डिसेंबर २०२२ पासून घोडेस्वारीच्या हेल्मेटांनाही तारांकन द्यायला सुरुवात केली, ती यादी विकत घेण्याआधी बघा. महागडं हेल्मेट जास्त सुरक्षित असतंच असं नाही, हे त्या यादीत दिसतं. जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बाद समजा. आतला फोम एकदाच दबतो, तो पूर्ववत होत नाही. म्हणूनच वापरलेलं घ्यायचं नाही, ते कधी आपटलंय का हे कुणी सांगू शकत नाही.

जाड वेणीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. केस हेल्मेटच्या आत कोंबून माप घेतलं तर केस धुतल्यावर, तेल लावल्यावर किंवा वेणीची जागा सरकल्यावर ते माप बदलतं. सैल हेल्मेट पडताना मागे सरकून कपाळ उघडं टाकतं. सगळ्यात सोपा उपाय असा: मानेवर, हेल्मेटच्या मागच्या काठाच्या खाली केस एकत्र घ्यायचे, घट्ट वेणी घालायची, ती गुंडाळून जाळीत बसवायची. हेल्मेटच्या आत चाप, क्लिप, जाड रबर काही नको. बसल्यावर पुढची कड भुवयांच्या वर साधारण दोन बोटं आडवी असावी. पट्टा न लावता डोकं हलवलं तर हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. नुसतं हेल्मेट फिरलं तर ते मोठं आहे. आणि ज्या केशरचनेवर माप घेतलं तीच रोज ठेवा.

व्हेस्ट. दुकानातल्या दोघांपैकी ज्यांनी "दोन्ही लागतील" असं सांगितलं ते बरोबर. क्रॉस-कंट्रीला मानकात बसणारा बॉडी प्रोटेक्टर सक्तीचा आहे, आणि हवेचा व्हेस्ट घालायचा असेल तर त्याच्यावरून. नुसता हवेचा घालून स्टार्ट बॉक्समधून सोडणार नाहीत. लेबलवर एएसटीएम एफ१९३७ किंवा युरोपीय ईएन १३१५८ / बीटा लेव्हल ३ असं लिहिलेलं शोधा. 'प्रोटेक्टिव्ह व्हेस्ट' एवढंच लिहिलेले स्वस्त व्हेस्ट बाजारात आहेत, ते घेऊ नका.

माप घेताना उभं राहून घेऊ नका, दुकानातल्या सॅडलवर बसवून घ्या. पाठीमागे व्हेस्टची खालची कड आणि सॅडलचा मागचा उंचवटा यांत तळहाताएवढं अंतर हवं. अंतर कमी असेल तर प्रत्येक उडीला सॅडल व्हेस्टला वर ढकलतं, वरची कड मानेत घुसते आणि मूल पुढे झुकून बसायला लागतं. ट्रेनर मांड सुधारत बसतात, दोष व्हेस्टच्या लांबीचा असतो. पुढून शेवटची बरगडी झाकली गेली पाहिजे. फोम थंडीत कडक होतो आणि अंगाच्या उबेने मऊ पडतो, म्हणून घालून पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग पट्टे आवळा. दर तीन-चार महिन्यांनी माप पुन्हा तपासा. "पुढच्या वर्षी बसेल" म्हणून मोठा घेतलेला व्हेस्ट या वर्षी काम करत नाही.

हवेचा व्हेस्ट या वयात ऐच्छिक आहे. घेतलात तर दोरीची लांबी अशी ठेवा की रिकिबीत पूर्ण उभं राहिल्यावरही ती ताणली जाणार नाही. कार्ट्रिज शेवटपर्यंत घट्ट फिरवलेलं आहे हे दर वेळी बघा. उतरण्याआधी दोरी सोडायची सवय घरीच लावा, नाहीतर उतरताना व्हेस्ट फुगतो आणि आवाजाने पोनी बुजतं. एक कार्ट्रिज जादा बरोबर असू द्या, व्हेस्टच्याच मापाचं. दुसऱ्या मॉडेलचं बसल्यासारखं वाटतं पण हवेचं प्रमाण वेगळं असतं.

आता फेरीनिहाय कपडे. ड्रेसाज आणि शो जंपिंगला या लेव्हलवर जवळजवळ एकच पोशाख लागतो: गडद रंगाचा किंवा ट्वीडचा कोट, फिका शर्ट आणि गळ्याशी स्टॉक (गळपट्टा), चोकर किंवा टाय, ब्रीचेस, बूट. ब्रीचेस पांढऱ्याच हव्यात असं नाही. फिका बदामी रंग घ्या, तो दिवसभर टिकतो. हातमोजे गडद किंवा पांढरे, दोन्ही चालतात. पॅडक बूट चालतील, पण त्यांच्यावरचे हाफ चॅप्स गुळगुळीत चामड्याचे आणि बुटाच्याच रंगाचे हवेत. तुमच्याकडचे स्वेडचे सरावाला ठेवा. बुटाला टाच हवी, आणि रिकीब बुटाच्या तळव्यापेक्षा साधारण एक इंच रुंद हवी. अरुंद रिकिबीत पाय अडकतो, फार रुंद असेल तर पाय आरपार जातो.

उकाड्यात आयोजक कोट माफ करतात. मग आतला शर्ट उघडा पडतो, म्हणून तो नीट बाह्यांचा आणि साध्या रंगाचा असू द्या. बिनबाह्यांचा कुठल्याच फेरीत चालत नाही.

क्रॉस-कंट्रीला रंगाची मोकळीक आहे. मुलांना इथेच मजा येते: जांभळा शर्ट, हिरवं हेल्मेट कव्हर, जे हवं ते. फक्त शर्टाला बाह्या हव्यात, वर व्हेस्ट, त्याच्यावर नंबर. दंडावर मेडिकल आर्मबँड हवा किंवा वैद्यकीय माहितीचं ब्रेसलेट, आणि ते उडी मारताना नेहमीच हवं, वॉर्म-अपसुद्धा त्यात आलं. आर्मबँडच्या आतलं कार्ड पालकांनी स्वतः भरा: ॲलर्जी, चालू औषधं, जुन्या दुखापती, टिटॅनसची तारीख, दोन फोन नंबर. त्यातला एक नंबर स्पर्धेच्या ठिकाणी नसलेल्या माणसाचा असू द्या. कोरं कार्ड घालून मैदानात उतरलेली मुलं दर स्पर्धेत दिसतात, याचं वाईट वाटतं.

गळ्यातली चेन, काळा दोरा, हातातलं कडं, लोंबणारं कानातलं सकाळीच काढून ठेवा.

---

लगाम_हातात

वरच्या उत्तराला जोडून पोनीच्या सामानाचं लिहितो, कारण ड्रेसाजमध्ये मुलं बाद होतात ती बहुतेक सामानामुळे.

पायाचे बूट किंवा बँडेज ड्रेसाजच्या अरेनात गेले की थेट बाद. घंटा वाजायच्या आधी कुणाच्या लक्षात आलं तर वाचलात. त्यामुळे एका माणसाकडे एकच काम द्या: वॉर्म-अप संपताना पोनीचे चारही पाय बघून बूट काढणं. मार्टिंगेल ड्रेसाजला चालत नाही, काढा. ब्रेस्टप्लेट चालतो, पण त्याला जोडलेला मार्टिंगेलचा भाग सोडून ठेवा. कानाची जाळीदार टोपी चालते. बिट (तोंडातली कडी) साधं स्नॅफल हवं. सरावात वेगळं बिट असेल तर रूलबुकातल्या चित्रांशी ताडून बघा आणि शंका असेल तर स्पर्धेतल्या टेक्निकल डेलिगेटना (नियम बघणाऱ्या अधिकाऱ्यांना) टेस्टच्या आधी विचारा. ते त्यासाठीच असतात आणि मुलांशी फार चांगलं बोलतात. नाकपट्टा फ्लॅश किंवा ग्रॅकल असला तरी चालतो, पण नाकाच्या हाडावर दोन बोटं सरकली पाहिजेत. तोंड आवळून बंद केलेलं पोनी जबडा ताठ ठेवतं आणि संपर्काचे गुण जातात, म्हणजे नियम बाजूला ठेवला तरी तो तोट्याचाच सौदा.

उडीच्या दोन्ही फेऱ्यांत रनिंग मार्टिंगेल चालतं, लगामावर रबरी स्टॉपर मात्र पाहिजेतच. स्टॉपर नसेल तर मार्टिंगेलची कडी लगामाच्या बकलमध्ये अडकते, पोनीचं डोकं खाली जखडलं जातं आणि ते घाबरून मागे सरकतं. स्टँडिंग मार्टिंगेल इव्हेंटिंगमध्ये नाही. हंटर शोमधून आलेल्या पोनींच्या बाबतीत ही चूक नेहमी होते, कारण तिकडे ते सर्रास असतं. ड्रॉ रेन्स तर आवारात कुठेच नको.

चाबूक: ड्रेसाजला १२० सेंटीमीटरपर्यंत, उडीला ७५ सेंटीमीटरपर्यंत. मोजून घ्या, दुकानातल्या लेबलवर जाऊ नका. ड्रेसाजचा लांब चाबूक हातात तसाच ठेवून मूल जंपिंगच्या वॉर्म-अपला जातं, हे बघणाऱ्याला चटकन कळत नाही. स्परची (टाचेला लावायच्या बोथट काट्याची) दांडी किती लांब चालते ते रूलबुकात बघा, आणि टोक मागे-खाली. १२ वर्षांच्या मुलीचा पाय अजून स्थिर नसेल तर स्पर नकोतच. नियमाने ते सक्तीचे नाहीत.

टेस्टबद्दल थोडं. बिगिनर नॉव्हिसला चाल, दुडकी आणि कँटर, २० मीटरची वर्तुळं, मोकळ्या लगामाची चाल आणि शेवटी थांबून सलाम एवढंच असतं. घंटा झाली की ४५ सेकंदांत 'ए' या खुणेच्या प्रवेशातून आत यायचं. ४५ सेकंद पुष्कळ असतात, धावपळ नको. ज्या बाजूला पोनी छान चालतं त्या बाजूने अरेनाभोवती फिरत यावं. सलामाला दोन्ही लगाम एका हातात, दुसरा हात खाली, मान झुकवायची. क्रम चुकला तर परीक्षक घंटा वाजवून सांगतात: पहिल्या चुकीला २ गुण, दुसरीला ४, तिसरीला बाद.

गुण उलटे असतात हे आजी-आजोबांना आधी सांगून ठेवा. ६६.५ टक्के मिळाले तर १०० मधून वजा करून ३३.५ दंडगुण होतात, आणि पुढच्या दोन्ही फेऱ्यांचे दंड त्यात मिळवत जातात. सगळ्यात कमी आकडा जिंकतो. म्हणून "ड्रेसाजच्या गुणांवर संपवलं" ही इव्हेंटिंगमधली मोठी शाबासकी आहे.

कागदपत्रं: पोनीची निगेटिव्ह कॉगिन्स (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची) चाचणी, इन्फ्लुएंझा आणि ऱ्हायनोन्यूमोनायटिस या दोन लसी मागच्या सहा महिन्यांतल्या. नोंदी बार्नकडून आठवडाभर आधी मागून घ्या. मूल अल्पवयीन असल्याने अर्जावर आणि जबाबदारीच्या कागदावर आई-वडिलांपैकी एकाची सही लागते. त्या दिवशी तुम्ही हजर नसाल तर तिथे जबाबदार प्रौढ कोण हे आधी लिहून द्या.

---

सह्याद्री_ते_जर्सी

दोघांचेही मनापासून आभार. हाफ चॅप्स बदलते, आणि तिचा व्हेस्ट आज सॅडलवर बसवून पाहते.

आता क्रॉस-कंट्रीबद्दल. एका ठिकाणी वाचलं की फार लवकर पोचलं तरी दंड होतो. हे खरं आहे का? आणि पोनी अडलं तर किती वेळा प्रयत्न करता येतो? आम्ही पालक कुठे उभं राहायचं, तिला काही सांगता येतं का?

---

चौखूर

हो, खरं आहे, आणि लहान मुलांच्या दृष्टीने तो या खेळातला उत्तम नियम आहे.

बिगिनर नॉव्हिसचा ट्रॅक साधारण १४०० ते २००० मीटरचा, १४ ते १८ उड्यांचा. घन अडथळ्याची उंची जास्तीत जास्त २ फूट ७ इंच. वेग मिनिटाला ३०० ते ३५० मीटर. अंतराला वेगाने भागलं की ऑप्टिमम टाइम निघतो. उदाहरण घेऊ: १७५० मीटर आणि ३५० चा वेग, म्हणजे ५ मिनिटं. त्याहून उशीर झाला तर दर सेकंदाला ०.४ दंडगुण. ५ मिनिटं २० सेकंद लागले तर ८ गुण गेले.

दुसरी मर्यादा स्पीड फॉल्टची. बिगिनर नॉव्हिसला ती मिनिटाला ४२० मीटरवर असते, म्हणजे याच ट्रॅकवर ४ मिनिटं १० सेकंद. त्याच्याआधी पोचलं तर आधीच्या प्रत्येक सेकंदाला ०.४. ठीक ४ मिनिटांत आलं तर ४ गुण गेले. ४:१० ते ५:०० या खिडकीत कुठेही आलं तरी दंड नाही, म्हणजे ५० सेकंदांची मोकळीक आहे. हा नियम बिगिनर नॉव्हिस, नॉव्हिस आणि ट्रेनिंग या लेव्हलला आहे. घन लाकडी अडथळ्याकडे लांब, सपाट, उधळलेल्या चालीने जाणारं पोनी उडीचा अंदाज चुकवतं, आणि शो जंपिंगच्या दांडीसारखा तो अडथळा खाली पडत नाही. म्हणून वेगाला वरूनही कुंपण घातलंय.

काही मुलं आपण लवकर आलो हे ओळखून शेवटच्या उडीनंतर चालायला लागतात किंवा वळणं घेतात. त्यालाही उत्तर आहे: शेवटची उडी आणि फिनिश यांच्यामध्ये थांबणं, चालणं, वर्तुळ किंवा नागमोडी काढणं याला मुद्दाम विलंब म्हणून २० गुण. वेळ सांभाळायची तर ट्रॅकच्या मधल्या भागात, दुडकीवर येऊन. त्यासाठी घरी मापाचं चाक घेऊन ३५० मीटर मोजा, दोन खुणा करा, आणि मुलीला ते अंतर बरोबर एका मिनिटात कापायला सांगा. पोनीच्या पावलांचा ताल एकदा अंगात बसला की घड्याळाकडे बघावं लागत नाही. घड्याळाकडे बघत उडीवर येणं धोक्याचं असतं.

अडण्याचा हिशेब: एका अडथळ्यावर पहिल्यांदा अडलं, बगल देऊन गेलं किंवा समोर आल्यावर वर्तुळ घेतलं तर २०. त्याच अडथळ्यावर दुसऱ्यांदा ४०. तिसऱ्यांदा बाद. पूर्ण ट्रॅकवर मिळून या लेव्हलला चौथा नकार बाद, वरच्या लेव्हलना तिसराच. वेगवेगळ्या आकड्यांच्या दोन उड्यांमध्ये वर्तुळ घेतलं तर दंड नाही, फक्त वेळ जातो. हे मुलीला पक्कं सांगा, कारण पोनी हातातून सुटतंय असं वाटलं तर पुढच्या उडीकडे वळण्याआधी एक मोठं वर्तुळ घेऊन सावरणं हा शहाणपणाचा निर्णय असतो. '७ए-७बी' अशा जोडउडीच्या मध्ये मात्र वर्तुळ म्हणजे नकार.

पडणं: स्वार घोड्यापासून सुटून पुन्हा चढावं लागेल अशी स्थिती आली की स्पर्धा तिथेच संपली. मानेला लोंबकळून परत सॅडलमध्ये आली तर ते पडणं नाही. पडल्यावर पोनीला हाताने धरून पायी बाहेर यायचं आणि तिथल्या वैद्यकीय पथकाकडून तपासणी करून घ्यायची. "मला काही झालं नाही" असं मूल म्हणतंच. तपासणी झाल्याशिवाय आवार सोडू नका आणि तिला दुसऱ्या घोड्यावरही बसवू नका.

वाट चुकणं हे बाद होण्याचं दुसरं मोठं कारण. एकाच माळावर चार-पाच लेव्हलचे अडथळे शेजारी शेजारी असतात, फळीचा रंग वेगळा. तुमच्या लेव्हलचा रंग कोणता ते स्टार्ट बॉक्सजवळच्या नकाशावर बघा. लाल झेंडी उजव्या हाताला, पांढरी डाव्या हाताला. दुसऱ्या लेव्हलची उडी मारली तर बाद, आपली एक राहिली आणि मागे येऊन मारली नाही तरी बाद. ट्रॅक दोनदा चाला. पहिल्यांदा ट्रेनरबरोबर. दुसऱ्यांदा मुलीला पुढे चालू द्या, प्रत्येक उडीपाशी ती थांबून सांगेल: कुठून वळायचं, कुठे बघायचं, जमीन चढाची की उताराची, पाण्यात उतरताना ऊन कुठून येईल. अडथळे पोनीला दाखवायचे नाहीत, ते बाद होण्याचं कारण आहे. ट्रॅक फक्त पायी बघायचा.

सुरुवात बॉक्समधून, उलटी गणती संपल्यावर. पळत बॉक्समध्ये घुसून तसंच बाहेर पडता येत नाही. ट्रॅकवर कुणी लाल झेंडा हलवला तर थांबायचं. पुढे कुणाला तरी दुखापत झालेली असू शकते. थांबवलेला वेळ मोजत नाहीत. पळतं पोनी थांबवून परत चालू करायचा सराव घरी करून घ्या, बऱ्याच मुलांची चाल त्यानंतर बिघडते.

शो जंपिंगचं थोडक्यात: दांडी पडली ४, पहिला नकार ४, दुसरा ८, तिसरा बाद, पडली तर बाद, वेळेवर सेकंदाला ०.४. घंटेच्या आधी स्टार्ट लाइन ओलांडली तर बाद. हे मुलं घाईत करतात. वॉर्म-अपच्या उड्यांनाही लाल-पांढऱ्या झेंड्या असतात, तिथेही लाल उजवीकडेच.

---

मांड_पक्की

पालकांनी कुठे उभं राहायचं हे राहून गेलं. दोऱ्यांच्या बाहेर, उडीच्या समोर किंवा लगेच मागे नाही, बाजूला. आणि काही सांगायचं नाही. "डावीकडे बघ", "मागे बस", "अगं ती नाही, पुढची" ही सगळी परकी मदत धरली जाते आणि त्याची शिक्षा मुलीला होते, ती बाद ठरते. मराठीत ओरडलं तरी फरक पडत नाही, फेन्स जज (अडथळ्यापाशी बसलेले परीक्षक) आवाजाचा रोख ओळखतात. उडी झाल्यावर टाळ्या, "शाबास" चालतं. हेल्मेट किंवा चष्मा पडला तर उचलून देता येतो. स्टार्ट बॉक्समध्ये सुटायच्या क्षणापर्यंत पोनी धरायला मदत करता येते. ड्रेसाजच्या वेळीही अरेनापासून लांब राहा आणि ओठसुद्धा हलवू नका.

चाबकाचा एक नियम मुलीला शब्दशः पाठ करायला लावा: बाद झाल्यावर, शेवटची उडी मारून झाल्यावर, किंवा राग आला म्हणून चाबूक उचलायचा नाही. डोक्यावर तर कधीच नाही. आणि थकलेलं पोनी पुढे रेटणं हीसुद्धा धोकादायक स्वारी ठरते, त्यासाठी अधिकारी ट्रॅकवरून थांबवू शकतात. त्यांनी थांबवलं तर हुज्जत घालू नका.

---

खडकवासला_रोड

पुण्याबद्दल विचारलंत म्हणून. भारतात खेळाचा कारभार इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाकडे आहे आणि नियम एफईआय या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या चौकटीतले. म्हणून एएसटीएम-एसईआय हेल्मेट आणि लेव्हल ३ व्हेस्ट नक्की घेऊन या. असं सामान इथे मोजक्याच ठिकाणी मिळतं, मुलांच्या मापात तर फारच कमी, आणि आयात शुल्कामुळे महाग पडतं. कोट, ब्रीचेस, चामड्याचे बूट, सॅडल मात्र इथेच घ्या. कानपूरहून जगभर घोड्यांचं चामडी सामान जातं. हवेच्या व्हेस्टची कार्ट्रिज विमानात नेण्याआधी विमान कंपनीची परवानगी घ्यावी लागते, तिकीट काढतानाच विचारा.

वयोगट एफईआयचे असे: चिल्ड्रन १२ ते १४, ज्युनियर १४ ते १८, यंग रायडर १६ ते २१. वाढदिवस कुठल्या तारखेचा हे बघत नाहीत, ते वय ज्या कॅलेंडर वर्षात पूर्ण होतं ते वर्ष धरतात. पोनी गटात १२ ते १६, आणि पोनीची उंची नालेशिवाय १४८ सेंटीमीटरपर्यंत. अमेरिकेतही प्रिलिमिनरी या वरच्या लेव्हलला ज्या वर्षी चौदावा वाढदिवस येतो त्या वर्षापासूनच उतरता येतं, हे ट्रेनरशी बोलून पुढचं नियोजन करताना लक्षात असू द्या.

गुणांमध्ये असे फरक पडतील. एफईआयच्या नियमांत लवकर पोचण्याचा दंड नाही. ट्रॅकवरचा एकूण तिसरा नकार बाद. आणि घोड्याचं अंग झेंडीच्या बाहेरून गेलं, म्हणजे उडी झाली पण झेंडीच्या आतून पूर्ण नाही, तर १५ गुण. धडकेने पिन सुटून खाली पडणारा सुरक्षित अडथळा पाडला तर ११.

अडचण आहे ती ट्रॅकची. ड्रेसाज आणि शो जंपिंगचा सराव पुण्या-मुंबईत होतो, मुंबईत महालक्ष्मीला ॲमॅच्युअर रायडर्स क्लब आहेच. पण क्रॉस-कंट्रीला दोन किलोमीटरचा मोकळा, चढउताराचा माळ आणि पक्के बांधलेले अडथळे लागतात, आणि अशी जमीन भारतात मुख्यतः लष्कराच्या केंद्रांकडे आहे. भारताचे स्वार फुआद मिर्झा यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगचं वैयक्तिक रौप्य जिंकलं आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये अंतिम क्रमवारीत २३ वे आले, पण त्यांनाही तयारीसाठी जर्मनीत राहावं लागलं. तुम्ही तिकडे आहात तोवर मुलीला पाणी, खड्डा, बँक (मातीची पायरी) या तीन अडथळ्यांवर भरपूर वेळ द्या. इथे तेच सगळ्यात कमी मिळतात.